गालाच्या आतली मऊ, न दुखणारी गाठ कॅन्सरची असू शकते का? काय करावं?

वडील ५८ वर्षांचे, गालाच्या आत सुपारीएवढी गाठ दोन-तीन वर्षांपासून, दुखत नाही पण हल्ली जेवताना दाताखाली येते, आणि तंबाखू चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाण्यात ओरल सर्जन आहे. न तपासता छातीठोक सांगता येणार नाही, पण वर्णन लायपोमाचं, म्हणजे चरबीच्या साध्या गाठीचं वाटतं. तोंडात ती कमीच आढळते. आढळली तर बहुधा चाळिशीनंतर, आणि बरेचदा गालातच.

तपासताना एक बोट तोंडात आणि एक बाहेरून गालावर ठेवायचं. लायपोमा मऊ लागतो, बोटांमधून सटकतो. वरचं अस्तर ताणून पातळ झालं असेल तर आतला पिवळेपणा आणि बारीक रक्तवाहिन्याही दिसतात. गाठ खोल असेल तर रंग कळत नाही. मग सोनोग्राफी, क्वचित एमआरआय. लाळग्रंथीची गाठही अशीच हाताला लागू शकते, म्हणून नुसत्या बोटांवर विसंबू नये.

शेजाऱ्यांनी सुचवलेला ‘सुईने फोडून टाका’ हा उपाय मुळीच करू नका. आत पू किंवा पाणी नसतं, फुटणार काय? गोळ्या-काढ्यांनीही ती विरघळत नाही. लोकल भूल देऊन, छोटा छेद घेऊन काढायची, बस्स. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर लाळेच्या नळीचं तोंड असतं, गाठ तिथे असेल तर जरा जपून काम करावं लागतं. काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवण्याच्या द्रावणाच्या) बाटलीत टाकली की, चरबी हलकी असल्याने, बहुतेक वेळा बुडत नाही, वर तरंगते. नातेवाइकांना ते बघून हायसं वाटतं, पण निदान बायोप्सीच्या रिपोर्टवरच होतं. चरबीचा कॅन्सर तोंडात फार दुर्मीळ, तरी गाठ लॅबला पाठवायचीच. पूर्ण निघाली तर सहसा परत येत नाही; स्नायूत पसरलेली असेल तर येऊ शकते.

लायपोमा तंबाखूमुळे होत नाही. पण तंबाखू खाणाऱ्याचं बाकीचं तोंड मी गाठीपेक्षा जास्त बारकाईने बघतो, कॅन्सरची शंका येईल असं काही आहे का: पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं. (महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांकडे बघून तसं वाटत नाही.)

खर्चाची चिंता असेल तर नेरूळचं डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम, यांच्या दंत महाविद्यालयांत ओरल सर्जरी विभागात दाखवा. जाताना वडिलांच्या चालू गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.