लोझी शिकताना कोश कसा उघडायचा

लोझी, म्हणजेच सिलोझी, ही पश्चिम झांबियातली भाषा. आधी झाल्ला यांचा लोझी-इंग्रजी कोश मिळव. आदॉल्फ झाल्ला हे पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशनचे, बारोत्सेलँडमध्ये, म्हणजे लोझी लोकांच्या प्रदेशात राहिलेले. कोश 1930च्या दशकातला. जुना आहे, पण शब्दसंपदेसाठी मी अजून तोच काढतो. उलट्या दिशेला ओसलिव्हन यांचा इंग्रजी-सिलोझी कोश, आणि व्याकरणाला फॉर्च्यून यांची रूपरेषा. सुरुवातीला एवढं पुरे.

खरी गोची शब्द शोधण्यात आहे. मराठीत आपण शब्दाचं शेपूट बघतो, इथे डोकं बघायचं. माणूस 'मुतू', माणसं 'बातू'. शाळा 'सिकोलो', शाळा अनेक असल्या की 'लिकोलो'. पहिलं अक्षर बदललं म्हणून नवा शब्द समजू नकोस. क्रियापदाच्या सुरुवातीचा 'कु' (आपल्या '-णं'सारखा) बाजूला काढ. त्यातही गंमत: शिकवणं 'लुता', शिकणं 'इतुता'. म्हणजे स्वतःला शिकवणं, फक्त 'इ'पुढे 'ल'चा 'त' झाला! हे कळेपर्यंत मी दोन्ही शब्द वेगवेगळे पाठ करत बसलो होतो.

अडलास तर सेसोथोचा, म्हणजे लेसोथोतल्या सोथो भाषेचा कोशही जवळ ठेव. एकोणिसाव्या शतकात मकोलोलो या सोथो लोकांनी झांबेझी नदीकाठी आपली सोथो बोली नेली. 1864 मध्ये त्यांची सत्ता गेली, भाषा मात्र राहिली. सोथोतला 'र' इथे 'ल' होतो: 'रुता'चं 'लुता', 'मोरेना'चं 'मुलेना'. मात्र स्थानिक लुयाना भाषेतून आलेले शब्द सेसोथोच्या कोशात सापडणार नाहीत.

आणि हो, सूर (उच्चारातला आवाजाचा चढ-उतार) लेखनात दाखवत नाहीत. त्यासाठी बोलणाऱ्या माणसालाच गाठ.