कोहिबा सिगार खरा कुठला, क्यूबाचा की डॉमिनिकन रिपब्लिकचा?

मूळ क्यूबाचाच. १९६०च्या दशकात फिडेल कॅस्ट्रोच्या एका अंगरक्षकाकडे त्याच्या ओळखीच्या कारागिराने, एदुआर्दो रिवेराने, वळलेले सिगार असायचे. कॅस्ट्रोने त्यातला एक ओढून पाहिला आणि तो त्याला भलताच आवडला. मग रिवेराच्या हाताखाली हवानाच्या उपनगरातल्या एल लागितो या जुन्या हवेलीत ते बनू लागले. ब्रँडचं जन्मवर्ष १९६६ धरतात, पण बाजारात यायला १९८२ उजाडलं. तोवर हा माल मुख्यतः कॅस्ट्रोसाठी आणि बड्या पाहुण्यांना भेट द्यायचा! चवीचं श्रेय बरंचसं तंबाखूला: आतल्या तीनपैकी दोन प्रकारची पानं लाकडी पिंपांत तिसऱ्यांदा आंबवतात. इतर ब्रँड हा खटाटोप सहसा करत नाहीत.

घोळ अमेरिकेमुळे. तिथे १९६२पासून क्यूबाच्या मालावर निर्बंध, त्यामुळे हे नाव जनरल सिगार कंपनीने १९८१मध्ये स्वतःच्या नावे नोंदवून घेतलं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बनणारा लाल ठिपक्याचा कोहिबा तो हाच. त्याचा क्यूबाशी नावापुरताच संबंध. २०२२मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने ती नोंदणी रद्द ठरवली, पण कंपनी लगेच कोर्टात गेली. आणि कॅस्ट्रो? त्याने १९८५मध्येच सिगार सोडला.