उत्पत्तीच्या पहिल्या वचनाची बेरीज २७०१ येते, हा देवाचा पुरावा मानावा का?

तुमचे म्हणणे असे की, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या वचनात हिब्रूतले ७ शब्द आणि २८ अक्षरे आहेत, अक्षरांच्या किमतींची (हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक संख्या असते) बेरीज २७०१ म्हणजे ३७ × ७३ येते, आणि हे माणसाच्या हातून होणे शक्य नाही. आकडे बरोबर आहेत. शिवाय १ ते ७३ या सगळ्या संख्यांची बेरीजही २७०१च होते. पण ‘३७ उलटे केले की ७३’ याला ज्या कौतुकाने मिरवतात, ते कौतुक आपल्या दशमान लेखनाचे आहे. हिब्रूत ३७ लिहायचे तर लामेद-झाइन आणि ७३ म्हणजे आयिन-गिमेल. तिथे उलटण्यासारखे काही नाहीच. आणि अक्षरांनी अंक लिहिण्याचे हिब्रूतले पुरावे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतले आहेत. उत्पत्तीचा हा मजकूर त्याहून जुना.

म्हणून मी आधी एवढेच विचारतो: हा नमुना त्या काळच्या लिहिणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दिसू शकला असता का?

काही नमुने नक्कीच दिसत होते. बायबलमधल्या स्तोत्र ११९ मध्ये १७६ ओळी आहेत, कारण हिब्रूच्या २२ अक्षरांपैकी प्रत्येकाने सुरू होणाऱ्या आठ-आठ ओळी रचल्या आहेत. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने येशूची वंशावळ १४-१४ पिढ्यांच्या तीन गटांत बसवली आणि त्यासाठी योराम व उज्जीया यांच्यामधले तीन राजे चक्क गाळले. इस्राएलचा राजा दावीद, त्याच्या नावाची हिब्रू किंमत ४ + ६ + ४, म्हणजे १४. दाविदाचा वारस दाखवायचा तर हा आकडा मुद्दाम निवडला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते.

सगळ्यात भक्कम उदाहरण ६६६ चे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले प्रकटीकरण १३:१८ हे वचन ६६६ हा ‘श्वापदाचा’ आकडा देऊन स्वतःच वाचकाला हिशोब करायला सांगते. ‘नेरोन कैसर’ (रोमन सम्राट नीरो) हे ग्रीक धाटणीचे नाव हिब्रू अक्षरांत मांडा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. लॅटिनप्रमाणे ‘नेरो’ म्हटले की शेवटचे नून (न) हे अक्षर गळते, ५० कमी होतात आणि ६१६ उरतात. गंमत म्हणजे काही जुन्या प्रतींत खरोखर ६१६ आहे. दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या ख्रिस्ती लेखकाला तो पाठ ठाऊक होता (त्याला तो चूक वाटे), आणि इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यावरही तोच आहे. आकडा बदलतो आणि माणूस तोच राहतो, असा मेळ सहसा मिळत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यांच्या जाळ्यात आलेल्या १५३ माशांबद्दल मी कुंपणावर आहे. १ ते १७ ची बेरीज १५३ हे ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडितानेही पाहिले होते आणि १७ म्हणजे १० आज्ञा अधिक आत्म्याची ७ दाने असे त्याने लावले. कदाचित मासे नुसते मोजलेही असतील.

‘बायबलचे बरोबर मधले वचन’ वगैरे फॉरवर्ड मात्र सोडून द्या. आज छापतात ते वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने सोळाव्या शतकात (नव्या करारात १५५१ साली) घातले, म्हणून मूळ लिहिणाऱ्याला असे ‘मधले वचन’ दिसणे शक्यच नव्हते.

राहिला ‘बायबल कोड’, म्हणजे ठरावीक अंतराने अक्षरे उचलून शब्द शोधणे. प्रसिद्ध रब्बींची (यहुदी धर्मगुरूंची) नावे आणि त्यांच्या जन्म-मृत्यूच्या तारखा उत्पत्तीत अशा रीतीने जवळजवळ सापडतात, असे सांगणारा व्हिट्झटम, रिप्स आणि रोझेनबर्ग यांचा लेख १९९४ साली ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’मध्ये आला, म्हणून लोक अजून त्याचा दाखला देतात. त्याच नियतकालिकात १९९९ साली ब्रेंडन मॅके आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रब्बींची नावे कोणत्या रूपात घ्यायची यातच इतकी मोकळीक होती की हवा तो निकाल काढता येतो. त्यांनी तसाच निकाल ‘वॉर अँड पीस’च्या हिब्रू अनुवादातूनही काढला. मॅकेने तर ‘मोबी डिक’मध्येही राजकीय हत्यांची ‘भाकिते’ शोधून दाखवली, त्यांत इंदिरा गांधींचीही होती.