दात भट्टीत घालण्याआधी

प्रिय,

तुझा प्रस्ताव वाचला. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं मिश्रण) आणि अमाल्गम (पाऱ्याचा मिश्रधातू) भरलेले दात २०० ते १००० अंशांपर्यंत तापवायचे आणि जळालेल्या देहाची ओळख पटवायला त्यातून काय हाती लागतं ते पाहायचं, हा विषय करण्यासारखा आहे. पण भट्टीवर चार पानं आणि दात साठवण्यावर एक ओळ, हे उलटं झालंय. भट्टी तिचं काम करते. घोटाळा होतो तो तिच्या आधी आणि नंतर.

काढलेला दात बाटलीत कोरडा पडला की डेंटिनला, म्हणजे दाताच्या आतल्या थराला, तडे जातात, आणि पुढे ते उष्णतेच्या नावावर खपतात. दात लगेच धुऊन ०.५ टक्के क्लोरामाइन-टी या जंतुनाशकात जास्तीत जास्त आठवडाभर ठेव, मग डिस्टिल्ड पाण्यात ४ अंशांना, आणि पाणी बदलत राहा. सहा महिन्यांपेक्षा जुने दात घेऊ नकोस. अमाल्गम असलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) कधीच घालायचा नाही, पाऱ्याची वाफ निघते. तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे ठेवून निर्जंतुक करतात. मात्र अशा दातातून पुढे डीएनए काढायचा बेत असेल तर तो सोडून दे.

भट्टीत घालण्याआधी सगळे दात सारखेच ओले किंवा सारखेच कोरडे हवेत. ओला दात झपाट्याने तापवला तर आतल्या वाफेने फुटतो, हळू तापवला तर टिकतो. म्हणून तापमान मिनिटाला किती अंशांनी वाढवलं ते लिहायलाच हवं. भट्टीच्या पडद्यावरचा आकडा भट्टीचा असतो, दाताचा नव्हे. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दाताशेजारी ठेव आणि तिथे तापमान गाठल्यावरच वेळ मोजायला सुरुवात कर.

थंड करताना आणखी एक फसवणूक. तापलेला दात बाहेर काढून गार हवेत ठेवला तर इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, जाळीसारख्या भेगा पडतात. आग विझवताना पाणी पडतं तेव्हाही तसंच होतं, त्यामुळे तो परिणाम पाहायचा असेल तर त्याचा स्वतंत्र गट कर. नाहीतर भट्टी बंद करून दात आतच निवू दे.

पारा ३५७ अंशांना उकळतो. अमाल्गमचे नमुने फ्यूम हूडखाली (विषारी वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात), वेगळ्या फेरीत आणि सर्वात शेवटी तापव. नाहीतर भिंतीला चिकटलेला पारा कॉम्पोझिटच्या नमुन्यांत सापडेल आणि तू त्यावर परिच्छेद लिहिशील.

कॉम्पोझिटमधली रेझिन जळून जाते, फिलर (त्यात मिसळलेली काचेसारखी बारीक पूड) उरतो, आणि फिलरमधली बेरियम, स्ट्रॉन्शियम, झिरकोनियम, इटर्बियम ही मूलद्रव्यं उत्पादनानुसार बदलतात. खरा माल इथेच आहे. एसईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यं ओळखताना, सवयीप्रमाणे सोन्याचा थर दिलास तर सोन्याची २.१ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) जवळची एक्स-रे रेषा झिरकोनियम आणि फॉस्फरसच्या रेषांवर बसते आणि दोन्ही झाकली जातात. कार्बनचा थर दे. बेरियम आणि टायटॅनियमच्या रेषाही ४.५ केईव्हीच्या आसपास एकमेकींवर येतात. सॉफ्टवेअर जे नाव सुचवेल ते तसंच उतरवू नकोस, बाजूची दुसरी रेषा तपास.

जळालेला दात बोटांनी उचलला तर चुरा होतो. डेंटिन आकसतं आणि इनॅमलचं टोपण सुटून येतं. म्हणून भट्टीतला ट्रे न हलवता आधी फोटो आणि मग एक्स-रे काढ. तापवण्याआधीचा एक्स-रे त्याच अंतरावर, त्याच कोनात आणि शेजारी ॲल्युमिनियमचा स्टेप वेज (तुलनेसाठीचा पायऱ्यापायऱ्यांचा तुकडा) ठेवून काढलेला असेल तरच तुलनेला अर्थ. एका माणसाचे चार दात म्हणजे चार स्वतंत्र नमुने नव्हेत. ते वेगवेगळ्या तापमानांच्या गटांत वाटून टाक. फोटो पाहून तापमान ओळखणाऱ्याला गट माहीत नसावा. असे दोघे निरीक्षक घे आणि त्यांचं एकमत किती हे सांगणारा कप्पा (kappa) हा आकडा काढ.

नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णांची लेखी संमती आधी मिळव. सुधारित आराखडा पाठवताना भट्टीत दात मांडण्याचा नकाशाही जोड; मधला आणि दाराजवळचा दात सारखे तापत नाहीत.

तुझा शुभचिंतक