वाचकांचे प्रश्न : बुटांच्या जुन्या नाड्या

प्रश्न : जूनमध्ये मुलांचे शाळेचे बूट बदलले. जुन्या बुटांच्या नाड्या धुऊन ठेवल्या आहेत. कोणती नाडी कशाला वापरावी? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाडी सुती आहे की पॉलिस्टरची, हे आधी पाहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. टोकाची प्लास्टिकची नळी कापून टाका, नाहीतर तीच वितळते आणि अंदाज चुकतो. मग दोन सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरून मोरीत मेणबत्तीला लावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि चुरडली जाणारी राख उरली, तर नाडी सुती. तुकडा आक्रसून टोकाला कडक मणी झाला, तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. (मणी पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका.) दोन्ही लक्षणं दिसली, तर धागा मिश्र.

सुती नाडी पाणी शोषते आणि गाठ धरून ठेवते, पण सतत ओली राहिली की कुजते. पॉलिस्टरची ओलाव्यात टिकते, पण तिची गाठ सरकते. त्यामुळे टोमॅटो, दोडका, कारलं बांधायला पॉलिस्टर घ्या आणि निरगाठच मारा. खोडाभोवती बोट जाईल एवढी जागा सोडा. खोड आणि काठी यांच्या मध्ये नाडीला एक पीळ दिला, की खोड काठीवर घासत नाही.

प्रश्न : गावाला जाताना पाण्याच्या बाटलीतून कुंडीत नाडी सोडली होती. परत आलो तेव्हा बाटली भरलेली आणि तुळस सुकलेली. काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाडी पॉलिस्टरची होती, किंवा सुती असूनही धुतलेली नव्हती. नव्या सुती नाडीवर कांजी किंवा मेणासारखा थर असू शकतो, आणि वापरलेल्या नाडीत पॉलिश मुरलेलं असतं. दोन्हींमुळे पाणी धाग्यात शिरत नाही. चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात नाडी दहा मिनिटं उकळा आणि स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा. मग टोक रंगीत पाण्यात बुडवून पाहा. रंग वर चढताना दिसला, तरच ती नाडी घ्या.

लावण्याआधी कुंडीला भरपूर पाणी घाला आणि नाडी पूर्ण भिजवून घ्या. कोरड्या नाडीत आणि कोरड्या मातीत सुरुवातच होत नाही. एक टोक मुळांजवळ सात-आठ सेंटिमीटर खोल पुरून वरून माती दाबा, दुसरं भांड्याच्या तळापर्यंत सोडा. मधला भाग उन्हात राहिला, तर पाणी वाटेतच उडतं; तो जुन्या पेनाच्या नळीतून किंवा स्ट्रॉमधून न्या.

भांड्याची उंची सर्वांत महत्त्वाची. पाण्याची पातळी मातीच्या वर असेल, तर पाणी अखंड उतरत राहतं आणि मुळं कुजतात. ती मातीच्या खूप खाली गेली, तर नाडीला पाणी वर ओढता येत नाही. पातळी मातीपेक्षा किंचित खाली ठेवा, फरक दहा सेंटिमीटरच्या आत बरा. उंच बाटलीत पातळी भराभर खाली जाते, म्हणून आम्ही पसरट भांडंच सुचवू. डास अंडी घालू नयेत म्हणून त्यावर फडकं घट्ट बांधा.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी चाचणी घ्या. भांड्यावर पेनाने खूण करा आणि चोवीस तासांनी किती पाणी गेलं ते मोजा. शंभर मिलिलिटर गेलं, तर एक लिटर साधारण दहा दिवस पुरेल. कडक उन्हाळ्यात कमीच धरा.

प्रश्न : नाड्या गोल गुंडाळून, शिवून कपाखाली ठेवायची चकती केली. ती वाटीसारखी वर वळली. – एक वाचक, मडगाव

उत्तर : दोरा जास्त ओढला गेला. हातात धरून शिवलं की हे होतंच. चकती टेबलावर सपाट ठेवूनच शिवा. उलट कडेला लाटा आल्या, तर टाके सैल आहेत आणि नाडी जास्त भरली गेली आहे. दर दोन फेऱ्यांनी तळहाताने दाबून पाहा आणि बिघडलेली फेरी तिथंच उसवा.

नाडी किती लागेल, हे जाडीवर आहे. चार मिलिमीटर जाडीच्या गोल नाडीची दहा सेंटिमीटरची चकती करायला सुमारे दोन मीटर लागते, म्हणजे १२० सेंटिमीटरच्या दोन नाड्या. चपटी नाडी कडेवर उभी करून गुंडाळली, तर पाच मीटरही लागतात. पण ती चकती जाड आणि देखणी होते. पॉलिस्टरच्या चकतीवर कढई किंवा तवा ठेवू नका, धागा वितळून भांड्याला चिकटू शकतो. चहाच्या कपाला हरकत नाही.

प्रश्न : पायजम्यात बुटाची नाडी घातली तर चालेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : चपटी असेल तर चालेल. गोल पॉलिस्टरची गाठ सुटते आणि कमरेला काचते. कमरेच्या मापात पन्नास सेंटिमीटर मिळवा : ९० च्या कमरेला १४०. एक नाडी कमी पडली, तर दोन नाड्या तीन सेंटिमीटर एकमेकींवर ठेवून उलटी टीप घाला. जोड गाठीने करू नका, ती नेफ्यात अडकते. सेफ्टी पिनने ओवून झाल्यावर मागच्या बाजूला मधोमध नेफ्यासकट दोन टाके घाला, म्हणजे धुण्यात नाडी बाहेर येणार नाही. काळी नाडी पांढऱ्या कापडात घालण्याआधी ओल्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि रंग जातो का पाहा.

लहान मुलांच्या टोपरं-झबल्याच्या गळ्याला मात्र बुटाची नाडी घालू नका, पाळण्याला खेळणं टांगायलाही नको. गळ्याला फास बसण्याचा धोका खरा आहे.

प्रश्न : टोकाची नळी तुटली, आता नाडी ओवता येत नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : पॉलिस्टरचं टोक तिरपं कापून मेणबत्तीजवळ क्षणभर धरा, धागे एकमेकांत बसतात. सुती टोकाला पारदर्शक नेलपॉलिश लावून पीळ द्या आणि वाळल्यावर दुसरा हात द्या.