व्ही अँड एला एकच दुपार असेल तर

लंडनला पहिल्यांदाच जाते आहेस, तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम 'सगळं' बघायचा हट्ट आधी सोड. आपला नागपूरचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, निवांत दोन तासांत होतो, तिथं तो हिशेब चालत नाही. १८५२ पासून जमवलेल्या लाखो वस्तू आहेत. तीन दालनं ठरव, बाकी वाटेत दिसेल ते.

दक्षिण आशियाचं दालन उघडं असेल तर आधी घे. टिपूचा लाकडी वाघ तिथलाच. दांडा फिरवला की खाली पडलेला गोरा हात हलवून विव्हळायचा. आता अर्थातच हात लावू देत नाहीत. पण खरं थांबायचं ते शाहजहानच्या पांढऱ्या जेडच्या पेल्यापाशी. १६५७ चा. तळाशी कमळ, मुठीला बकऱ्याचं डोकं, आणि दगड इतका पातळ की उजेड आरपार जातो. सगळ्या बाजूंनी बघ, घाई करू नको.

वाघनखं मात्र तिथं शोधू नको. २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, पुढच्या वर्षी आपल्या मध्यवर्ती संग्रहालयातही होती. ती महाराजांचीच, याचा पुरावा नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं.

इराणमधल्या अर्दबीलच्या जुन्या गालिच्यावर दिवे दर अर्ध्या तासाने दहाच मिनिटं लागतात, रंग उडू नयेत म्हणून. ती वेळ साधून जा.

प्रवेश फुकट, खास प्रदर्शनांना बहुधा तिकीट. जमलं तर शुक्रवार धर, रात्री दहापर्यंत उघडं असतं. आणि चपला मऊ घाल गं!