आयुष्मान कार्डावर तपासणारा जवळचा फिजिशियन कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न असा आहे : वडील 66 वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही. घरात आयुष्मान कार्ड आहे, तुम्ही एमआयडीसीत नोकरीला आणि आईवडील तालुक्याच्या गावी. कार्डावर तपासणारा एम.डी. मेडिसिन डॉक्टर जवळपास कुठे मिळेल?

या कार्डावर ओपीडी होत नाही. महाराष्ट्रात आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ते मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. महिन्याची तपासणी, फिजिशियनची फी, रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. आयुष्मान भारतच्या नियमाप्रमाणे भरतीआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस पॅकेजमध्ये धरतात, त्यापलीकडे नाही. त्यामुळे एखाद्या दवाखान्याने 'ओपीडीला कार्ड चालणार नाही' म्हटलं तर ते तुम्हाला फसवत नाहीत. कार्ड घेणारा फिजिशियन शोधत गावभर फिरू नका. शुगर-बीपीसाठी वाट वेगळी आहे.

आधी तुमची पगाराची स्लिप काढा. त्यात ईएसआयसीची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, कपात दिसते का? एकूण वेतन महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ती असायला हवी. कामगाराचा वाटा 0.75 टक्के, म्हणजे 20,000 वेतनावर 150 रुपये, आणि मालकाचा 3.25 टक्के. कपात होत असेल तर तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे, कारण ईएसआयसीत ओपीडी, तपासण्या आणि औषधं सगळं येतं. आईवडीलही येतात, फक्त ते तुमच्यावर अवलंबून हवेत आणि त्यांचं सगळ्या मार्गांनी मिळून उत्पन्न महिना 9,000 रुपयांच्या आत हवं.

गडबड बहुतेक वेळा नोंदणीतच झालेली असते. कंपनीतला क्लार्क घाईत फक्त बायको-मुलांची नावं भरतो, किंवा कारखान्याजवळचाच दवाखाना सगळ्यांना लावून टाकतो. आईवडील गावी राहतात ही नोंद नसेल तर त्यांना दर वेळी तुमच्या शहरात यावं लागेल. फॉर्ममध्ये कुटुंबासाठी वेगळा दवाखाना निवडायची सोय असते. एचआरला सांगून वडिलांचं नाव, आधार आणि गावाचा पत्ता भरून घ्या आणि नवं ई-पहचान कार्ड (ईएसआयसीचं ओळखपत्र) छापून घ्या. त्यावर कुटुंबाचा दवाखाना कोणता लिहिलाय ते स्वतः वाचा.

तिथे सुरुवातीला एमबीबीएस डॉक्टर तपासतील. काही ठिकाणी हा ईएसआयसीचा स्वतःचा दवाखाना असतो, काही ठिकाणी त्यांनी नेमलेला खाजगी डॉक्टर. फिजिशियनची गरज आहे असं त्यांना वाटलं की ते ईएसआयसी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीला चिठ्ठी देतात. चिठ्ठीशिवाय थेट ईएसआयसीशी करार असलेल्या खाजगी रुग्णालयात गेलात तर, आणीबाणी सोडून, बिल तुमच्याच अंगावर. आणि पगारवाढ होऊन 21,000 च्या वर गेलात तरी त्या दिवशी हक्क जात नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे सहामाही टप्पे असतात. चालू टप्पा संपेपर्यंत कपात चालू राहते. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा.

ईएसआयसी लागू नसेल तर सरकारी रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं यांत केसपेपरसकट तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, तेही कोणत्याही कार्डाशिवाय. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्या निर्णयात नाहीत, तिथे त्यांचे दर लागतात. प्राथमिक केंद्रात एम.डी. नसतो. फिजिशियन हवा तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयच गाठावं लागतं. जाण्याआधी फोन करून किंवा चौकशीच्या खिडकीवर विचारा : मेडिसिनची ओपीडी कोणत्या वारी, साहेब कोणत्या खोलीत, एनसीडी क्लिनिक (शुगर-बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांचं) वेगळं आहे का. शुगर-बीपीच्या जुन्या रुग्णांची नोंद एनसीडीत होते आणि गोळ्या तिथून मिळतात.

माझं मत विचाराल तर स्थिर रुग्णाला दर महिन्याला फिजिशियनकडे न्यायची गरज नसते. एकदा फिजिशियनकडून औषधं बसवून घ्यावीत, तो कागद घेऊन गोळ्या आणि बीपीची मोजणी जवळच्या आरोग्य केंद्रात चालू ठेवावी, आणि फिजिशियन सांगेल त्या अंतराने पुन्हा दाखवावं. पहिल्या भेटीला फाईल तारखेप्रमाणे लावून न्या : तीन महिन्यांतली एचबीएवनसी (सरासरी शुगर दाखवणारी तपासणी), क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीच्या तपासण्या), ईसीजी असेल तर तोही, आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या. 'सकाळी एक पांढरी गोळी' यावरून कुणालाच काही कळत नाही, आणि मग तेच औषध दुसऱ्या नावाने पुन्हा लिहून दिलं जातं. केसपेपरवर डॉक्टर मराठीत समजावून सांगत नसतील तर कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, एवढं तिथेच लिहून घ्या.

आता आयुष्मान कार्डाचं काम. वडिलांना कधी भरती करावं लागलं तर ते लागेलच, तेव्हा तयारी आजच करून ठेवा. योजनेत रुग्णालयाची नोंद वैद्यकीय शाखेप्रमाणे होते. दारावर योजनेचा मोठा बोर्ड असतो, पण नोंद फक्त अस्थिरोगाची किंवा डायलिसिसची असू शकते, आणि छातीतल्या जंतुसंसर्गाचा रुग्ण परत पाठवला जातो. म्हणून जिल्ह्याच्या यादीत 'जनरल मेडिसिन' असलेली दोन रुग्णालयं शोधा. यादी योजनेच्या संकेतस्थळावर आहे, किंवा महात्मा फुले योजनेच्या 155388 वर विचारा. आयुष्मान भारतचा क्रमांक 14555. मग रुग्णालयात फोन लावून 'योजना चालते का' एवढंच विचारू नका. योजनेचं काम बघायला रुग्णालयात बसणारा माणूस म्हणजे आरोग्यमित्र. 'मेडिसिनच्या रुग्णाला आत्ता योजनेत घेता का, आणि आरोग्यमित्र कोणत्या वेळात बसतात' असं विचारा. नोंद तात्पुरती थांबवलेली असते तेव्हा यादी जुनीच दिसत राहते.

भरतीच्या वेळी आरोग्यमित्राला आधार आणि रेशन कार्ड दाखवावं लागतं. अडकतं ते नावावर. रेशन कार्डावर 'बाबुराव', आधारवर 'बाबूराव', किंवा जन्मसाल वेगळं, आणि मंजुरी लटकते. हे रात्री दोन वाजता दुरुस्त होत नाही, म्हणून आधी तहसीलला जाऊन नाव जुळवून घ्या. मंजुरी मिळाल्यावर पॅकेजमधल्या उपचारासाठी डिपॉझिट मागितलं तर भरू नका. आरोग्यमित्राला सांगा आणि तिथूनच 155388 वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा.

वडिलांना 70 पूर्ण झाली की वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड, काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, ईएसआयसी असली तरी मिळतं, आणि घरच्या 5 लाखांत वाटा न मागता ज्येष्ठांसाठी वेगळे 5 लाख मिळतात. तेही भरतीसाठीच.

केंद्र सरकारी पेन्शनरांसाठी, म्हणजे सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) वाल्यांसाठी, पद्धत वेगळी आहे : आधी वेलनेस सेंटर (त्या योजनेचा दवाखाना), तिथून चिठ्ठी, मग तज्ज्ञ. 70 च्या वरच्यांना पॅनेलवरच्या रुग्णालयात तज्ज्ञाला थेट दाखवता येतं.

शेवटी पैसे देऊन खाजगीत दाखवायचं ठरलं तर पाटी नीट वाचा. नुसतं 'एम.डी.' पुरेसं नाही. आयुर्वेदात आणि होमिओपॅथीतही एम.डी. असते. तुम्हाला हवं ते 'एम.डी. (मेडिसिन)' किंवा जनरल मेडिसिनमधलं डीएनबी (एम.डी.च्या बरोबरीची पदवी). चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. औषधं जेनेरिक नावाने लिहून मागा, म्हणजे जनऔषधी केंद्रातून घेता येतील. बीपी-शुगरच्या गोळ्या आयुष्यभराच्या असतात, तेव्हा महिन्याच्या खर्चात डॉक्टरच्या फीपेक्षा याच बचतीने जास्त फरक पडतो.